सगळ्यांनाच पाचपैकी पाच!

सबमिशनच्या आठवड्यात होस्टेलवर कोणालाही विचारा, टर्मवर्कच्या मार्कांनी काय फरक पडतो? काही नाही. सगळ्यांना बावीस-तेवीस मिळतात, खरा निकाल पेपरावरच लागतो. अमेरिकन हवाई दलात बढतीच्या बाबतीत नेमकं हेच झालं.

तिथे १९७० साली सार्जंटच्या बढतीसाठी ‘वॅप्स’ ही गुणपद्धत आली. त्याआधी आपल्याला का डावललं, हे सैनिकाला कळायचंच नाही. नव्या पद्धतीत गुण कागदावर दिसू लागले. पुढे बरीच वर्षं एकूण गुण होते ४६०. दोन वस्तुनिष्ठ पेपर, एक आपल्या कामाचा आणि दुसरा दलाचे नियम-इतिहास यांचा, प्रत्येकी १०० गुणांचा. नोकरीच्या आणि हुद्द्यावरच्या वर्षांचे मिळून १००, पदकांचे २५ आणि वरिष्ठांच्या अहवालाचे १३५.

म्हणजे अहवाल सगळ्यात वजनदार? छे! बहुतेक सगळ्यांना पाचपैकी पाचच मिळायचे. आता स्टॅटिस्टिक्स आठवा. ज्या घटकात सगळे सारखे, तो क्रम लावूच शकत नाही. कागदावरचं वजन वेगळं, व्हेरिअन्सचं वजन वेगळं. त्यामुळे बढती ठरवायचे ते मुख्यतः दोन पेपर. रात्री दोनला इंजिन उघडून बसणारा मेकॅनिक पाठांतरात कच्चा असला की मागे पडणार. परीक्षा नि:पक्षपाती आहे, पण हवं तेच मोजते का, हा प्रश्न उरतोच. (तरी साहेबाच्या मर्जीपेक्षा पेपर बरा, असं मला अजूनही वाटतं.) २०१४-१५ च्या सुमारास सुधारणा झाल्या. नोकरीच्या वर्षांचे गुण टप्प्याटप्प्याने काढले, अहवालाचे २५० केले आणि वरच्या शेऱ्यांवर मर्यादा घातली.

मार्कांना बढती चिकटली की काय होतं, ते याच दलाच्या माँटानातल्या माल्मस्ट्रॉम तळावर दिसलं. इथले अधिकारी अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं सांभाळतात. त्यांची दर महिन्याला परीक्षा व्हायची, पासिंग ९० टक्क्यांना! पण बढतीसाठी वरिष्ठ हेच आकडे बघत, म्हणून ९५ सुद्धा कमी वाटायचे. जानेवारी २०१४ मध्ये उघड झालं की उत्तरं मोबाइलवरून फिरत होती. प्रकरणात जवळजवळ शंभर अधिकारी अडकले. मार्चमध्ये नऊ कमांडर हटवले गेले, तळप्रमुखाने राजीनामा दिला. गंमत म्हणजे ही कॉपी पास होण्यासाठी नव्हतीच, शंभरपैकी शंभर पाडण्यासाठी होती.