असं का होतं? : इंजिन ओरडतं, गाडी चढत नाही

चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीच्या यात्रेसाठी येरमाळ्याकडे निघालेली जुनी, भरलेली व्हॅन बालाघाटाच्या चढावर नुसतीच गुरगुरते. इंजिनाचा आवाज वाढतो, वेग वाढत नाही. असं का?

इंजिनाची ताकद चाकांकडे जाते ती क्लचमधून. दोन तळहात घट्ट दाबून एक फिरवला की दुसराही फिरतो. तशीच इंजिनासोबत फिरणाऱ्या फ्लायव्हीलवर दाबलेली क्लच प्लेट त्याच्यासोबत फिरते. तिचं अस्तर झिजलं किंवा त्यावर ऑइल गळलं, की पकड सुटते. गर्दीत हाफ क्लचवर गाडी रेंगाळली तर अस्तर तापून करपल्याचा वास येतो.

तपासायचं कसं? मोकळ्या, सपाट जागी हँडब्रेक ओढा, वरचा गिअर टाका, क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच ठीक. चालूच राहिलं तर घसरतोय. मात्र केबल जास्त ताणलेली असली तरी असंच होतं, म्हणून आधी ती पाहा.

ऑटोमॅटिक गाडीत आतल्या प्लेटा ऑइलच्या दाबाने आवळल्या जातात. तिथे पहिली तपासणी गिअरबॉक्सच्या ऑइलची: पातळी, रंग, वास.

मॅन्युअल गाडीत क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागला, तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदमच बदला. मजुरी दोनदा पडणार नाही.