कार्ल्याचें चैत्यगृह

एकवीरेच्या दर्शनासाठीं आपल्या वाचकांपैकीं पुष्कळ जण लोणावळ्यानजीकचा कार्ल्याचा डोंगर चढले असतील. देवळाला लागूनच जें बौद्ध शैलगृह आहे, तेथें मात्र घटकाभर स्वस्थ बसणारे विरळा. देवीची ओटी भरून झाल्यावर तेवढा वेळ अवश्य काढावा.

हें चैत्यगृह सुमारें दोन सहस्र वर्षांपूर्वींचें. लांबी सुमारें १२४ फूट. रुंदी व उंची प्रत्येकीं सुमारें ४५ फूट. आपल्या देवळांत दगडावर दगड रचिलेला असतो. येथें खडकांतून नको तेवढें काढून टाकिलें, आणि उरलें तें मंदिर. अशा कामांत एक घाव चुकला तर दुसरा दगड आणून बसवितां येत नाहीं, हें ध्यानीं धरून स्तंभांकडे पाहावें. दोन्ही बाजूंस पंधरा पंधरा स्तंभ. तळाशीं घट, मध्यें अष्टकोनी अंग, माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांवर आरूढ झालेलीं जोडपीं. स्तूपामागील सात स्तंभ मात्र अगदीं साधे आहेत. जेथें दृष्टि स्तूपावरच ठरावी, तेथें शिल्पकारानें अलंकार आवरिला आहे.

वर पाहावें तों कमानदार छताला खऱ्या लाकडाच्या फासळ्या! त्या भार मुळींच वाहत नाहींत. लाकडी सभागृहांची परंपरा ज्यांच्या हातांत मुरली होती, त्या कारागिरांनीं पाषाणांतहि तिची आठवण राखिली.

भिंतींवर व स्तंभांवर ब्राह्मी लिपींत प्राकृत लेख आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल या शैलगृहास जंबुद्वीपांत सर्वोत्तम म्हणवितो. परंतु नांव एकट्या धनिकाचें नाहीं. धेनुकाकट गांवच्या यवनांनीं स्तंभ दिले. तेथील गंध विकणाऱ्या सिंहदत्तानें द्वाराचें दान केलें. आणि वेणुवासाचा पुत्र सामी नांवाच्या सुतारानें द्वार घडविलें. देणाऱ्याबरोबर घडविणाऱ्याचेंहि नांव दगडावर राहावें, ही गोष्ट लहान नव्हे.

आज प्राचीन वास्तूंवर खिळ्यानें वा कोळशानें आपलें नांव लिहून जाणारे थोडे नाहींत. त्यांत शिकलेल्या घरांतील मुलेंहि असतात. त्यांस केवळ दटावून काम भागणार नाहीं. मुलांना कार्ल्यास न्यावें, त्या लेखांसमोर उभें करावें आणि विचारावें : सामीनें द्वार घडविलें, सिंहदत्तानें तें दिलें, बाळ, तूं काय दिलेंस? ज्यानें कांहीं दिलें, त्याचेंच नांव दगडावर शोभतें.