सहकारी संस्थेचा धनी कोण?



ठाणे, कल्याण अथवा डोंबिवली ह्यांपैकी एखाद्या शहरात आपले वास्तव्य असेल, तर आपण राहता ती इमारत बहुधा एखाद्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची असेल आणि आपल्या शिलकेपैकी निदान काही रक्कम एखाद्या नागरी सहकारी बँकेत ठेवलेली असेल. म्हणजे डोक्यावरील छप्पर व म्हातारपणाची पुंजी ह्या दोन्ही बाबतींत आपण सहकाराच्या आश्रयाने राहतो. असे असता, ह्या संस्थेचा धनी कोण, असे कोणी विचारलेच तर 'चेअरमन' असे उत्तर देऊन आपल्यातील पुष्कळ सुशिक्षित मंडळी मोकळी होतात. हे उत्तर बरोबर नाही. ते का बरोबर नाही, आणि तरीही ते लोकांच्या तोंडी इतके का बसले आहे, ह्याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम सहकारी संस्था आणि कंपनी ह्यांतील भेद पाहू. कंपनीत भांडवल हे धनी असते. ज्याचे शंभर भाग त्याला शंभर मते, ज्याचा एक भाग त्याला एक मत; आणि नफाही त्याच मापाने वाटला जातो. सहकारी संस्थेत जो तिचा उपयोग करतो तोच तिचा मालक, असा मूळ संकेत आहे. भाग कितीही असोत, मत एकच. आणि ते मत आपल्या वतीने द्यावयास दुसऱ्या कोणास पाठविता येत नाही, स्वतः जाऊनच द्यावे लागते. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्याने एका सभासदाला एकूण भागभांडवलाच्या एकपंचमांशाहून अधिक भाग बाळगण्यास मनाई केली आहे, आणि लाभांशाला १५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. भांडवलाला त्याचे भाडे मिळावे, पण त्याने घरात राज्य करू नये, असा ह्या योजनेचा आशय.

मग उरलेला नफा जातो कोठे? मी शाळामास्तर, फळ्यावर आकडे मांडल्यावाचून मला समजत नाही आणि समजावताही येत नाही. समजा, एका ग्राहक भांडाराची वर्षाची विक्री ५ लाख रुपये झाली, आणि राखीव निधी व भागांवरील लाभांश बाजूला काढल्यावर २० हजार रुपये वाढावा उरला. म्हणजे विक्रीच्या दर रुपयामागे चार पैसे उरले. ज्या कुटुंबाने वर्षात २० हजारांचे धान्य नेले त्याला ८०० रुपये परत. ज्याने ५ हजारांचे नेले त्याला २०० रुपये. दोघांचा भाग एकेकच असला तरी हा फरक पडतो. आणि ज्या गृहस्थाने पन्नास भाग घेतले पण भांडारातून मीठसुद्धा कधी नेले नाही, त्याला भागांवरील लाभांश तेवढा मिळेल. ह्या वाढाव्यातील दमडीही त्याच्या वाट्यास येणार नाही. कारण वाढावा म्हणजे गिऱ्हाइकाकडून जरा अधिक घेतलेले पैसे. ते ज्याचे त्याला परत केले, इतकेच. इंग्लंडातील रॉचडेल गावी १८४४ साली अठ्ठावीस कष्टकऱ्यांनी, त्यांत विणकर पुष्कळ होते, दर माणशी एक पौंड जमवून पीठ, साखर आणि लोणी विकण्याचे एक लहानसे दुकान काढले. वाढावा खरेदीच्या प्रमाणात वाटण्याची ही रीत त्या दुकानाने जगभर रूढ केली.

आपल्याकडे ह्या विचाराचा प्रवेश कर्जाच्या वाटेने झाला. बडोद्यास विठ्ठल लक्ष्मण कवठेकर ह्यांच्या पुढाकाराने 'अन्योन्य सहकारी मंडळी' निघाली ती १८८९ साली, म्हणजे सरकारचा पहिला कायदा होण्याच्या पंधरा वर्षे आधी. १९०४ चा तो कायदा केवळ पतपेढ्यांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने इतर कामांसाठीही संस्था काढता येऊ लागल्या, आणि १९१५ साली मुंबईत गावदेवीस सारस्वत मंडळींची गृहनिर्माण संस्था उभी राहिली. इतका इतिहास आजच्या कामास पुरे.

आता आपल्या जिन्यापाशी येऊ. गृहनिर्माण संस्था ही काही नफा मिळविणारी पेढी नव्हे. तिचे सारे शास्त्र खर्चाच्या वाटणीत आहे, आणि तंटे होतात तेही तेथेच. मोठ्या जागेचा मालक म्हणतो, 'सर्वांना सारखे'. लहान जागेचा म्हणतो, 'क्षेत्रफळाप्रमाणे'. आदर्श उपविधींनी ह्याचा निकाल मोठ्या समंजसपणाने लावला आहे. पहारेकरी, झाडलोट, कचेरीचा खर्च ही सेवा घर लहान म्हणून कमी लागत नाही, म्हणून सेवाशुल्क सर्वांना समान. उद्वाहनाचा, म्हणजे लिफ्टचा, खर्चही समान. तळमजल्यावरच्या माणसाने ह्यावर कितीही त्रागा केला तरी. पाण्याचा आकार मात्र प्रत्येकाच्या नळांच्या संख्येवर. आणि इमारत जीर्ण झाल्यावर उपयोगी पडावा म्हणून जो 'सिंकिंग फंड' साठवावयाचा तो जागेच्या बांधकाम खर्चावर, दरसाल निदान पाव टक्का. दुरुस्ती निधी निदान पाऊण टक्का. म्हणजे जमिनीची किंमत वगळून ज्या जागेचा बांधकाम खर्च १० लाख रुपये झाला, तिच्या मालकाने सिंकिंग फंडात वर्षाला २,५०० रुपये आणि दुरुस्ती निधीत ७,५०० रुपये घालावयाचे. उपभोग समान तेथे भार समान, मालमत्ता मोठी तेथे भार मोठा, हे सूत्र एकदा ध्यानात आले म्हणजे निम्मी भांडणे जिन्यातच मिटावीत. जागा भाड्याने दिली तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, हेही येथेच सांगून ठेवतो.

जमिनीचा प्रश्न ह्याहून गंभीर आहे. इमारतीत राहणारे सभासद, संस्थाही नोंदलेली, पण खालची जमीन अद्याप बांधकाम करणाऱ्याच्या अथवा मूळ मालकाच्याच नावावर, असा प्रकार आपल्या शहरांत पुष्कळ आढळतो. इमारत नव्याने बांधावयाची वेळ आली म्हणजे ही उणीव भोवते. २००८ साली कायद्यात दुरुस्ती होऊन 'मानीव अभिहस्तांतरण' ही सोय झाली. बांधकाम करणारा दस्त करून देत नसेल तर संस्थेने जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून जमीन आपल्या नावे करून घ्यावी. परंतु अर्ज करावयाचा तो संस्थेने, आणि संस्था म्हणजे सभासद.

बँकेची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले १९६९ साली. त्याच सुमारास आपल्या परिसरात डोंबिवली नागरी सहकारी बँक १९७० साली, ठाणे जनता सहकारी बँक १९७२ साली आणि कल्याण जनता सहकारी बँक १९७३ साली स्थापन झाली. सकाळच्या गाडीने मुंबईस जाणारा आणि रात्री परतणारा पगारदार हा ह्या गावांचा कणा. त्याच्यापाशी तारण ठेवण्यासारखी इस्टेट नसे. पण दोन जामीनदार त्याला आळीतच मिळत. कर्जदाराला ओळखणारी माणसेच संस्थेत असणे, हे सहकारी बँकेचे खरे तारण होय. मोठी बँक कागद पाहते. लहान बँक कागद पाहते आणि माणूसही पाहते. संस्था वाढून अनेक राज्यांत पसरली म्हणजे, ठाणे जनता बँक पसरली आहे तशी, ती केंद्राच्या २००२ च्या बहुराज्य कायद्याखाली जाते. आणि तेव्हा ही जुनी ओळख आपोआप टिकत नाही, ती जाणूनबुजून राखावी लागते.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. बँकेत मत कोणाला? भागधारक सभासदाला. भागधारक कोण होतो? बहुतांशी कर्ज घेणारा. कारण तारणी कर्जाच्या अडीच टक्के व विनातारण कर्जाच्या पाच टक्के रकमेचे भाग घ्यावयाचे, अशी रूढ रीत आहे. २ लाखांचे तारणी कर्ज घेणाऱ्याने ५ हजारांचे भाग घेतले की तो मालक झाला. ठेवीदाराला मात्र भाग घेण्याची सक्ती नाही. जन्मभराची १० लाखांची पुंजी जेथे ठेवली आहे, तेथे त्या निवृत्त मनुष्याला मत देण्याचा अधिकार नसतो, आणि पुष्कळांना हे ठाऊकही नसते. 'नाममात्र सभासद' म्हणून ज्यांची नोंद होते त्यांनाही मत नाही. अशा रीतीने द्रव्य एका गटाचे आणि मत दुसऱ्या गटाचे, अशी स्थिती उत्पन्न होते. ठेवीदाराने थोडे भाग घेऊन नियमित सभासद व्हावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र भाग म्हणजे ठेव नव्हे हे जाणून मग घ्यावे. ठेवीला विम्याचे संरक्षण आहे, ते २०२० पासून मुद्दल व व्याज मिळून दर ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत. भागाला ते मुळीच नाही. बँक तोट्यात गेली की पहिला घाव भागभांडवलावर बसतो.

दुसरी गोष्ट गंगाजळीची. निव्वळ नफ्यापैकी निदान चौथा हिस्सा दरवर्षी राखीव निधीत घालावा असा कायदा आहे. हा निधी साठत साठत डोंगराएवढा होतो. परंतु सभासद संस्था सोडतो तेव्हा त्याला भागाची दर्शनी किंमतच मिळते. शंभर रुपयांचा भाग चाळीस वर्षांनी परत केला तरी हाती शंभरच रुपये. कंपनीच्या भागाचा बाजारभाव पडला की भागधारकाच्या पोटात गोळा येतो आणि तो जाब विचारावयास धावतो. आपल्या संस्थेची गंगाजळी आटत चालली तरी सभासदाच्या खिशाला त्या दिवशी काहीच जाणवत नाही. जी वस्तू सर्वांची आणि कोणा एकाची नव्हे, तिच्यावर पहारा कोण करणार? सहकारातील अनेक दुखण्यांचे मूळ मला येथे दिसते. 'चेअरमन' हे उत्तर तोंडी बसले, तेही ह्याचमुळे.

सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा प्रारंभी खात्यातून फक्त १ हजार रुपये काढता येत होते. मुलामुलींची लग्ने आणि इस्पितळांची बिले त्या हजारांत कशी बसवावी, ह्या विवंचनेत माणसे शाखांच्या दारांशी उभी राहिली. बँकेच्या कर्जांपैकी फार मोठा भाग एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे गुंतला होता आणि तो खोट्या खात्यांआड दडविण्यात आला होता. शेवटी २५ जानेवारी २०२२ रोजी ती बँक दुसऱ्या एका बँकेत विलीन झाली. येथे कोणी म्हणेल, 'सभासद सभेला गेले असते तरी काय कळले असते? आकडेच खोटे होते.' हा आक्षेप खरा आहे. रिझर्व्ह बँकेच्या तपासनिसांना जे दिसले नाही ते ठेवीदाराला दिसावे, ही अपेक्षा अन्यायाची होईल. म्हणूनच १ मार्च १९६६ पासून सहकारी बँकांवर असलेली रिझर्व्ह बँकेची देखरेख २०२० च्या कायद्याने अधिक कडक झाली. आणि २०२१ च्या दुरुस्तीने, निर्बंध लागलेल्या बँकेतील ठेवीदाराला विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद झाली. पण इतक्या मोठ्या प्रमाणावर लपवाछपवी नित्य होत नाही. नेहमीचा ऱ्हास उघड्यावर होतो: थकीत कर्जे दरवर्षी थोडी वाढतात, लेखापरीक्षणाचा वर्ग 'अ' चा 'ब' होतो, आणि हे सारे अहवालात छापलेले असते. तो अहवाल मात्र न उघडताच रद्दीत जातो.

ह्यावर उपाय म्हणून कायद्याने जे यंत्र दिले आहे ते म्हणजे वार्षिक साधारण सभा. संस्थेची अंतिम सत्ता संचालकांकडे नाही, चेअरमनकडे तर नाहीच. ती ह्या सभेकडे आहे. हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते आणि सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. म्हणून श्रावण-भाद्रपदात, गणपतीच्या धामधुमीत, जिन्यातील फळ्यावर सभेची सूचना झळकते. चौदा पूर्ण दिवसांची ही सूचना वाचतो कोण? गृहनिर्माण संस्थेच्या उपविधींप्रमाणे गणसंख्या दोनतृतीयांश सभासद किंवा वीस, ह्यांतील जी कमी असेल ती. ती भरली नाही म्हणजे सभा तहकूब होते आणि बहुधा अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरते. ह्या दुसऱ्या सभेला गणसंख्येची अटच नसते. साठ बिऱ्हाडांच्या इमारतीत सात माणसे चटईवर बसून लाखांचे ठराव करतात, आणि तेही पूर्णपणे कायदेशीर असते. गैरहजर राहिलेले त्रेपन्न जण पुढे वर्षभर जिन्यात कुरकुर करतात. त्या कुरकुरीची इतिवृत्तात नोंद होत नाही.

ज्यांना सभेत उठून बोलावयाचा संकोच वाटतो, त्यांच्यासाठी १९६० च्या कायद्यात कलम ३२ आहे. महाराष्ट्रात नोंदलेल्या संस्थेच्या सभासदाला शेवटचा तपासलेला ताळेबंद, नफातोटा पत्रक, उपविधी, समितीच्या सदस्यांची यादी, सभांची इतिवृत्ते आणि स्वतःच्या व्यवहाराचे हिशेब संस्थेच्या कचेरीत विनामूल्य पाहता येतात. नकला हव्या असतील तर लेखी अर्ज करावा आणि ठरलेले शुल्क भरावे. शुल्क भरल्यापासून एका महिन्याच्या आत नकला देणे संस्थेवर बंधनकारक आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावयास मात्र विसरू नये.