देशोदेशीचे मुक्काम (भाग १४) : मुक्काम पोस्ट धाराशिव

धाराशिव शहराच्या वायव्येला बालाघाटाच्या डोंगरकडेत कोरलेली सात लेणी ही या जिल्ह्यातली सर्वांत जुन्या उतरायच्या जागांपैकी एक. त्यांतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्याचे मधले दालन सुमारे ८० फूट लांब आणि तेवढेच रुंद आहे. मांडणी अजिंठ्याच्या वाकाटककालीन विहारांसारखी : मध्ये मोकळे दालन, कडेने खोल्या, समोर गाभारा. फिरत्या भिक्खूंनी पावसाळ्यात एका जागी थांबावे हा वर्षावासाचा नियम, आणि विहार ही त्याची सोय. एक माणूस आडवा होईल एवढी खोली, एकच दार, खिडकी नाही. १९७९ मध्ये ओसाकात पहिले कॅप्सूल हॉटेल निघाले तेव्हा केवढी नवलाई झाली. मापे घेतली तर भिक्खूची खोली त्याहून ऐसपैस भरेल. ही लेणी मुळात बौद्धांची की जैनांची यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मुक्कामाच्या हिशेबात मात्र फारसा फरक पडत नाही, कारण चातुर्मासात वाट चालू नये हा दंडक जैन साधूंनाही आहे.

लेण्यांच्या पलीकडे तेरणाकाठी तेर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात ते तगर या नावाने येते. भडोचपासून दक्षिणेला २० दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला १० दिवसांवर तगर, असा त्यातला हिशेब. तगरचे कापड आडवाटांनी गाड्यांवर लादून भडोच बंदराला जाई, म्हणजे एका खेपेत तीस मुक्काम. गाडीवान रात्री कुठे बैल सोडत, कुठे चूल मांडत, याची नोंद ग्रंथकर्त्याने ठेवलेली नाही. त्याला मालाशी मतलब होता. आजचे तेर तासा-दोन तासांत पाहून होते. मागच्या अंगाला हत्तीच्या पाठीसारखे गोलावलेले, विटांचे त्रिविक्रम मंदिर, उत्तरेश्वराचे देऊळ, गोरोबाकाकांचे घर आणि लामतुरे वस्तुसंग्रहालय हे बहुतेकांचे फिरणे. ज्ञानदेव-नामदेवांसह संतमंडळी गोरोबांकडे जमली आणि गोरोबांनी थापटण्याने एकेकाचे डोके ठोकून कच्चे-पक्के मडके पाहिले, ही कथा मराठी घरात पाठ असते. यजमानाने पाहुण्यांची परीक्षा घेतल्याची अशी दुसरी गोष्ट सापडायची नाही.

नळदुर्गचा किल्ला राहण्यासाठी नव्हे, लढण्यासाठी बांधलेला. तटाचा घेर तीन किलोमीटरच्या आसपास, बुरूज ११४. पण त्यात एक जागा अशी आहे की तिथे घटकाभर बसणे हाच तिचा उपयोग. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, बोरी नदीवर धरण घालून मुख्य किल्ला आणि समोरचा रणमंडळ जोडला गेला. धरणाच्या भिंतीच्या पोटात दालने काढली, तोच पाणीमहाल. पावसाळ्यात तलाव भरला की जादा पाणी दोन वाटांनी खाली कोसळते. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. जिन्याने उतरून पाणीमहालाच्या सज्जात उभे राहिले की डोळ्यांसमोर पाण्याचा पडदा असतो, पायाखाली दगड थरथरतो, शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. तुषार सोडले तर अंगावर पाणी नाही. उन्हाळ्यात आलेल्याला हेच ठिकाण एक अंधारी खोली वाटते. तेव्हा नळदुर्गची खरी वेळ म्हणजे पाऊस चांगला लागून धरण ओसंडल्यानंतरचे दिवस, आणि ज्या वर्षी तो लागत नाही त्या वर्षी नर-मादीही नाहीत. दुष्काळी पट्ट्यातल्या धबधब्याकडून याहून अधिक मागू नये.

या किल्ल्यात दीर्घ मुक्काम केलेला एक पाहुणा नोंदीत आहे. निजामाने १८५३ मध्ये कंपनी सरकारकडे सोपवलेल्या मुलखात नळदुर्गही होता. तिथला कारभार १८५७ पर्यंत कॅप्टन फिलिप मेडोज टेलर याने पाहिला. ठगांवरच्या कादंबरीने तो आधीच गाजला होता. पुढे त्याने लिहिलेल्या ‘तारा’ या कादंबरीची नायिका तुळजापूरच्या पुजाऱ्याची मुलगी आहे, आणि चांदबिबीवरही त्याने कादंबरी लिहिली. अंमलदारी करता करता माणूस मुलखाच्या गोष्टी गोळा करत होता. १८६० मध्ये हा मुलूख निजामाला परत मिळाला.

किल्ल्यात उतरण्याची सोय करावी की नाही हा वाद जगभर आहे. स्पेनने १९२८ मध्ये ग्रेदोसच्या डोंगरात पहिले सरकारी ‘पारादोर’ उघडले आणि नंतर जुने किल्ले, मठ, वाडे एकेक करून पाहुण्यांना खुले केले. सांतियागो इथली १४९९ मध्ये स्थापलेली यात्रेकरूंची धर्मशाळा १९५४ पासून उंची हॉटेल आहे. महाराष्ट्रात २०१९ मध्ये काही किल्ल्यांवर अशा हॉटेलांचा विचार पुढे आला तेव्हा गदारोळ उठला, आणि शिवकालाशी जोडलेल्या किल्ल्यांना हात लावणार नाही असा खुलासा सरकारला करावा लागला. नळदुर्ग पाहणारे बहुतेक लोक आजही रात्री सोलापूरला किंवा तुळजापूरला जातात. ते बरेच म्हणायचे. पाणीमहालाच्या तोंडाशी न्याहारीची टेबले मांडलेली पाहण्यापेक्षा पन्नास किलोमीटर गाडी हाकलेली परवडली.

तुळजापुरात रात्र काढावी लागते याला कारण देवीचा दिनक्रम. दिवस उजाडण्याच्या कितीतरी आधी चरणतीर्थ होते, रात्री प्रक्षाळपूजेने दिवस मिटतो. मधे अभिषेक, नैवेद्य, जागरण, गोंधळ. ज्याचा नवस आहे त्याला सकाळच्या गाडीने येऊन दुपारच्या गाडीने परतता येत नाही. म्हणून इथे हॉटेल, लॉज यायच्या कितीतरी आधीपासून उतरण्याची एक व्यवस्था उभी आहे : पुजाऱ्याचे घर. भोपे, पाळीकर आणि उपाध्ये हे इथले पुजारीवर्ग. कोणत्या गावचे, कोणत्या घराण्याचे भक्त कोणाकडे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. गाडीतून उतरणारा माणूस ‘खोली आहे का’ असे विचारत नाही. तो ‘आमचे पुजारी’ अमुक म्हणून घर विचारत निघतो. पुजाऱ्याला येणाऱ्याच्या आज्याचे नाव ठाऊक असते, मागच्या खेपेला जिच्या लग्नाचा गोंधळ घातला ती लेक कुठे दिली हेही ठाऊक असते.

अशा घरातली सकाळ पाहण्यासारखी. ओसरीवर ओळीने वळकट्या, उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग, एका कोपऱ्यात परडी आणि कवड्यांच्या माळा. बायका चुलीवर किंवा गॅसवर पुरण शिजवत असतात, कारण नैवेद्य पुरणपोळीचा आणि तो आपल्या हातचा असला पाहिजे. त्यासाठी परात, पाटा, पातेली यजमानाची. भाड्याचे दरपत्रक भिंतीवर नसते; दक्षिणेत सगळे धरलेले. ही आपुलकी हिशेबाबाहेरची असते असे समजणे मात्र भाबडेपणाचे. हिशेब असतोच, तो फक्त वर्षांवर पसरलेला असतो.

जगात याच्या जवळ जाणारी व्यवस्था जपानच्या कोयासान डोंगरावर आहे. नवव्या शतकात कूकाई या आचार्याने वसवलेल्या या तीर्थातली पन्नासेक मंदिरे यात्रेकरूंना उतरवून घेतात. त्या मुक्कामाला ‘शुकुबो’ म्हणतात. जमिनीवरची गादी, शाकाहारी जेवण आणि पहाटेच्या पूजेला हजेरी, असा तिथला शिरस्ता. फरक एवढाच की शुकुबोचे आरक्षण आता जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून होते आणि परदेशी पाहुण्यांना त्याची भारी हौस आहे. तुळजापूरच्या पुजाऱ्याकडे ओळखीवाचून उतरणे जरा अवघड. ओळख नसणाऱ्यांसाठी संस्थानची भक्तनिवासे आहेत, खासगी लॉज आहेत, आणि नुसत्या आंघोळीपुरती दोन तास मिळणारी खोलीही आहे. ही शेवटची सोय तीर्थक्षेत्राशिवाय सहसा दिसत नाही.

गंमत अशी की या गावात देवी स्वतःही मुक्कामाला असल्यासारखी राहते. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, ती सिंहासनावरून हलवता येते. वर्षातून तीनदा देवी पलंगावर निद्रा घेते : शारदीय नवरात्राआधी घोरनिद्रा, दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा, आणि पौषातल्या शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. दसऱ्याचा पलंग पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावात तयार होतो आणि पालखी अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगराहून येते. दोन्हींचा मान तेली समाजातल्या घराण्यांकडे. पलंग वाटेतल्या गावांचे मुक्काम करत तुळजापूरला पोचतो. पाहुण्याचे अंथरूण त्याच्या आधी गावोगाव पूजा घेत निघाले आहे, असे दुसरीकडे कुठे घडत असेल?

श्रमनिद्रेच्या शेवटी कोजागरीला सोलापूरहून लोक पायी निघतात. वाट साधारण पंचेचाळीस किलोमीटरची, बरेचसे चालणे रात्रीचे, त्या काळात वाहनांना वेगळा रस्ता दिलेला. चहा, पाणी, फराळाचे मंडप रस्त्याकडेला, कुठे पाय चेपून देणारेही बसलेले. या रात्रीचा मुक्काम म्हणजे डांबरी सडकेच्या कडेला सतरंजी टाकून घेतलेली तासाभराची डुलकी. चैत्र पौर्णिमेला येरमाळ्यात येडेश्वरीची यात्रा भरते तिची तऱ्हा याच जातीची : दुसऱ्या दिवशी चुनखडी वेचून झाली की पालखी आमराईत जाऊन राहते, आणि भाविक आजूबाजूच्या रानात, झाडाखाली बिऱ्हाड टाकतात.

भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीचा मुक्काम अगदी निराळा. कुलभूषण आणि देशभूषण या मुनींचे हे सिद्धक्षेत्र. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये इथेच सल्लेखना घेतली. धर्मशाळेत उतरणाऱ्याला घड्याळ सूर्याचे लावावे लागते, सूर्यास्ताआधी जेवण उरकलेले बरे. परतताना पिशवीत पेढा किंवा खवा येतोच.

धर्मशाळा म्हटली की ती कोणासाठी होती हेही विचारावे लागते. सार्वजनिक पैशाने चालणारे पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ मध्ये संमत झाला. ठरावाची गरज पडली यातच आधीची स्थिती कळते, आणि ठरावानंतरही ओटे झटपट मोकळे झाले नाहीत. फेब्रुवारी १९४१ मध्ये कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदारांची परिषद भरली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा मुक्काम गावातल्या शाळेत होता. त्या मुक्कामामुळे ती शाळा आज या जिल्ह्यातली महत्त्वाची जागा झाली आहे. तडवळे बार्शी लाइट रेल्वेवरचे गाव. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरची ही अडीच फुटी रुळांची गाडी १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आली, पुढे लातूरपर्यंत गेली, आणि धाराशिव शहराला मात्र शतकभर वगळून गेली. रुंद रूळ टाकताना मार्ग वळवला तेव्हा, एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, जिल्ह्याच्या ठिकाणी आगगाडी आली.

शहरात लॉज, शासकीय विश्रामगृह, हमरस्त्याला लागून हॉटेले अशी नेहमीची सोय आहे, त्यावर फार लिहिण्यासारखे नाही. एक दिवस राखावा तो येडशीसाठी. रामलिंगाचे देऊळ घळीच्या तळाशी आहे, पायऱ्यांवर माकडांचे राज्य, मागे पावसाळी धबधबा. भोवतीचे सुमारे २२ चौरस किलोमीटरचे जंगल १९९७ पासून अभयारण्य आहे. २०२४ च्या अखेरीस इथल्या कॅमेऱ्यात एक वाघ टिपला गेला. पट्ट्यांवरून तो यवतमाळच्या टिपेश्वरचा निघाला, म्हणजे चारशे-साडेचारशे किलोमीटर चालून आलेला. वनखात्याने त्याला पकडायची खटपट केली, पण तो सापडेना. सूर्य मावळल्यावर घळीत थांबू नये, हे येडशीचे लोक पाहुण्यांना आधीही सांगत; आता कारणही सांगतात.