दहा वॅटची नाडीपरीक्षा

मुंबई आकाशवाणीचा स्टुडिओ चर्चगेटला, तर मीडियम वेव्हचे ट्रान्समीटर मालाडला. निवेदक बोलतो एकीकडे आणि आवाज हवेत सुटतो दुसरीकडून. मीडियम वेव्हच्या मनोऱ्याला मोकळी जमीन लागते, एफएमच्या अँटेनाला उंची लागते आणि कलावंतांना शहर सोयीचे पडते. म्हणून जगभरच्या नभोवाणी केंद्रांत ही फारकत झालेली दिसते. मधले अंतर कुठे टेलिफोनच्या तारेने, कुठे फायबरने सांधतात, तर कुठे एका लहानशा रेडिओने. हा रेडिओ म्हणजे स्टुडिओ-ट्रान्समीटर लिंक. केंद्रातली माणसे त्याला नुसते ‘एसटीएल’ म्हणतात.

अमेरिकेत ध्वनीच्या अशा लिंकसाठी ९४४ ते ९५२ मेगाहर्ट्झ हा पट्टा आहे. तिथल्या लिंक ट्रान्समीटरची ताकद साधारण पाच-दहा वॅट, म्हणजे घरातल्या एलईडी दिव्याएवढी. डोंगरावरचा मुख्य ट्रान्समीटर हजारो वॅटचा असला, तरी त्याला मिळते ते या दहा वॅटवाल्याने पाठवलेलेच. लिंकमध्ये शिरलेली खरखर किंवा विकृती पुढे कोणालाही उपसून काढता येत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? म्हणूनच लिंक जुळवताना वापरायची उपकरणे लिंकहून सरस असावी लागतात. सरस म्हणजे महाग असे मात्र नव्हे.

पहिली खरेदी अगदी नीरस आहे: डमी लोड आणि अ‍ॅटेन्युएटर. जुळवणी चालू असताना अँटेना जोडून हवेत शिट्ट्या सोडायच्या नसतात. ट्रान्समीटरची सगळी ताकद पन्नास ओहमच्या लोडमध्ये जिरवायची. स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरच्या तोंडाला बहुधा एक वॅटहून जास्त सोसत नाही, कित्येकांना त्याहूनही कमी. तिथे दहा वॅट थेट जोडले, की लाखमोलाचे यंत्र क्षणात गारद होते. ४० डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर दहा वॅटचा एक मिलिवॅट करतो. मात्र तो अ‍ॅटेन्युएटर स्वतः दहा वॅटची उष्णता सोसणारा हवा.

दुसरे उपकरण वॅटमीटर. अमेरिकेतल्या ओहायोच्या बर्ड कंपनीचे ‘मॉडेल ४३’ हे या धंद्यातले जुने, खात्रीचे नाव. त्याच्या पोटात ‘स्लग’ नावाचा दंडगोल बसवतात. ताकद आणि फ्रिक्वेन्सी यांप्रमाणे स्लग बदलतो आणि तो फिरवला की जाणारी किंवा परतणारी शक्ती दिसते. गोम आहे ती अचूकतेत. पाच टक्के चूक धरायची ती पूर्ण मापाच्या, काटा दाखवतो त्या आकड्याच्या नव्हे. शंभर वॅटच्या स्लगने दहा वॅट मोजले, तर चूक पाच वॅटपर्यंत जाऊ शकते, म्हणजे निम्मी. पाच-दहा वॅटच्या लिंकला ४०० ते १००० मेगाहर्ट्झचा दहा वॅटवाला स्लगच हवा.

फ्रिक्वेन्सी काउंटरवर मात्र उगाच पैसे घालू नयेत. ९५० मेगाहर्ट्झवर दशलक्षात एका भागाची चूक म्हणजे ९५० हर्ट्झ. शेकडो किलोहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलमध्ये ती काही आभाळ कोसळवणारी नाही. चांगल्या संदर्भ-ऑसिलेटरचा, वेळोवेळी तपासलेला काउंटर पुरतो.

खरी फसगत होते ती डेव्हिएशन, म्हणजे आवाजानुसार कॅरिअरची (मूळ लहरीची) फ्रिक्वेन्सी किती सरकते ते, मोजताना. जुन्या बाजारात सर्व्हिस मॉनिटर स्वस्तात मिळतात. एकाच पेटीत जनरेटर, रिसीव्हर, काउंटर सगळे असल्याने मोह पडतो. पण त्यातले बरेचसे पोलीस आणि टॅक्सीच्या वॉकीटॉकीसाठी घडवलेले. तिथे डेव्हिएशन पाच किलोहर्ट्झचे आणि आवाज तीन किलोहर्ट्झपर्यंतचा. स्टिरिओ एफएमच्या कॉम्पोझिट सिग्नलमध्ये १९ किलोहर्ट्झचा पायलट असतो, डाव्या-उजव्यातला फरक २३ ते ५३ किलोहर्ट्झमध्ये बसतो आणि आरडीएस (आवाजासोबत जाणारा मजकूर) असेल तर ते ५७ वर. वरचा भाग कापणाऱ्या मॉनिटरने असा सिग्नल नेणारी लिंक तपासणे म्हणजे बहिऱ्याला गाण्याचा परीक्षक नेमणे. हा फरकाचा भाग डाव्या-उजव्याच्या बेरजेच्या तुलनेत तीनच टक्के कमी पोचला, तरी डाव्या-उजव्याची फारकत सुमारे ३६ डेसिबलवर अडकते. म्हणून एचपी ८९०१एसारखा मॉड्युलेशन अ‍ॅनालायझर बरा. त्याची धाव १३०० मेगाहर्ट्झपर्यंत आहे आणि रुंद डेव्हिएशन त्याला पेलते.

तोही परवडत नसेल, तर एक कसोटी फुकट उपलब्ध आहे. फ्रिडरिश बेसेल या जर्मन खगोलज्ञाने ग्रहांच्या गतीचा विचार करताना जी फलने अभ्यासली, तीच एफएमच्या कॅरिअरची उंची सांगतात. डेव्हिएशनला सुराच्या फ्रिक्वेन्सीने भागल्यावर २.४०५ आले, की कॅरिअर नाहीसा होतो. समजा, ५० किलोहर्ट्झ डेव्हिएशन हवे आहे. २०.७९ किलोहर्ट्झचा शुद्ध सूर कॉम्पोझिट इनपुटला द्यायचा, पातळी शून्यापासून हळूहळू वाढवायची आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर मधली उभी रेघ पाहायची. ती पहिल्यांदा बुडते तिथे डेव्हिएशन नेमके ५० किलोहर्ट्झ. पुढेही ती पुन्हा बुडते, म्हणून घाईने पातळी चढवू नये. इथे अ‍ॅनालायझर जुना, कॅलिब्रेशन उलटून गेलेला असला तरी बिघडत नाही, कारण आकडा वाचायचाच नसतो. सुराची फ्रिक्वेन्सी तेवढी काउंटरवर बघून घ्यायची.

तोच अ‍ॅनालायझर हार्मोनिक आणि भलत्या जागी उगवणारे सिग्नलही दाखवतो. शेवटची पारख मात्र रिसीव्हरच्या टोकाला, ऑडिओ अ‍ॅनालायझर लावून: गोंगाट किती, विकृती किती, डाव्यातले उजव्यात किती झिरपते.

यादी करायला बसाल, तेव्हा यंत्रांची नावे नंतर लिहा. आधी कागदावर चार प्रश्न मांडा: ताकद किती, फ्रिक्वेन्सी कोणती, डेव्हिएशन किती, सोबत नको ते काय जाते आहे? ज्या मोजणाऱ्या उपकरणापाशी यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नाही, ते कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. आणि पहिले बिल डमी लोडचेच असू द्या.