नेपल्सच्या पिझ्झ्यावरील जिन्नस

पिझ्झा म्हणजे मैद्याची आंबवून भाजलेली पोळी. आपल्याकडे हल्लीं ती घरींही करूं लागले आहेत. परंतु तिजवर जिन्नसांची जी रास रचतात, ती मूळ रीतीस धरून नाहीं. इटलींतील नेपल्स शहराचे जुने प्रकार मुख्यत्वें दोन. ‘मारिनारा’वर टोमॅटो, लसूण, ओरेगानो व ऑलिव्हचें तेल एवढेंच, चीज मुळींच नाहीं. ‘मार्गेरिता’वर टोमॅटो, मोझ्झारेला चीज, इटालियन तुळशीचीं पानें व तेंच तेल.

या काटकसरीचें एक कारण पाणी होय. तेथील लाकडाची भट्टी सुमारें ४८५ अंश सेल्सिअस तापते व पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत निघतो. जिन्नस फार व ओले असल्यास पोळी मध्यें कच्ची राहते. म्हणून टोमॅटोची जात महत्त्वाची. व्हेसुव्हियस पर्वताजवळील सान मार्झानो टोमॅटो लांबट, दळदार व थोड्या बियांचा असतो. त्याच्या व कंपानिया प्रांतांतील म्हशीच्या दुधाच्या मोझ्झारेलाच्या नांवास युरोपीय संघानें १९९६ सालीं संरक्षण दिलें. नेमून दिलेल्या क्षेत्राबाहेरील मालास तेथें तें संरक्षित नांव लावतां येत नाहीं. आपल्या बागाईतदारांनीं व म्हशी बाळगणारांनीं हें अवश्य ध्यानांत घ्यावें.

घरची भट्टी इतकी तापत नाहीं. सबब टोमॅटो हातानें कुसकरून चाळणींत निथळूं द्यावा. चीजचे तुकडेही अगोदर निथळत ठेवावे. पातळ, रसाळ टोमॅटो कोशिंबिरीस उत्तम, येथें निरुपयोगी. आमच्या मतें प्रथम मारिनाराच करून पाहावा. लसणाचे काप टोमॅटोवर पसरून वरून तेल सोडावें, नाहीं तर ते जळून कडू होतात. मार्गेरितावरील तुळशीचीं पानें घरच्या दीर्घ आंचेंत काळीं पडतात. तीं पिझ्झा उतरल्यावर घालावीं.