उसाचे पाणी आणि पाण्याचा हिशेब

कालव्याच्या पाण्याला महाराष्ट्रात पाणीपट्टी असते. पाण्याची किंमत ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. धरण आणि कालवे चालवण्याचा, दुरुस्तीचा, कर्मचाऱ्यांचा खर्च भागावा, एवढ्यासाठी पट्टी घेतली जाते. पर्यावरणाचे अर्थशास्त्र त्यापुढचा प्रश्न विचारते: हे पाणी इथे वापरल्यामुळे दुसरीकडे काय राहून गेले? त्याला संधी खर्च म्हणतात. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा असतो. तेवढ्या पाण्यात कालव्याच्या शेपटाकडच्या कितीतरी शेतकऱ्यांची ज्वारी आणि हरभरा हाताशी आले असते. न पिकलेली ती ज्वारी पाणीपट्टीच्या कोणत्याही पावतीवर दिसत नाही.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी पोहोचले. केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाच्या हिशेबाने महाराष्ट्रात एक किलो साखरेमागे दोन हजार लिटरच्या आसपास पाणी लागते. म्हणजे तहानलेल्या शहराकडे धावलेली ती अख्खी गाडी अडीच क्विंटल साखरेच्या पाण्याएवढी होती.

पाणी उसाकडेच का वळते, हे कोडे जुने आहे. नीरेसारखे दख्खनचे कालवे इंग्रजी अमदानीत दुष्काळ निवारणासाठी काढले गेले. पण पाऊस बरा झाला की जिरायतदार पाणी घेत नसे आणि सरकारला कालवा तोट्यात चालवावा लागे. बारमाही पाणी घेऊन नियमित पट्टी भरणारे पीक एकच होते, ऊस. त्यामुळे पाणी कालव्याच्या वरच्या अंगाच्या मोजक्या गावांत मुरू लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी अभियंता मो. विश्वेश्वरय्यांनी यावर ब्लॉक पद्धत सुचवली. ठरावीक क्षेत्राचा एक गट करायचा, त्याच्या सुमारे तिसऱ्या हिश्शातच ऊस घ्यायचा आणि उरलेल्यात हंगामी पिके आलटून-पालटून घ्यायची. ही दरवाढ नव्हती, वाटपाची मर्यादा होती, आणि तेच तिचे महत्त्व. पुढे पुण्याच्या गोखले संस्थेतून धनंजयराव गाडगिळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष लाभांची पाहणी केली. तिचा अहवाल 1948 साली प्रसिद्ध झाला. कालव्याचे मोल पट्टीच्या वसुलीवरून ठरवू नये, त्याने सगळ्या परिसराच्या उत्पन्नात काय भर पडली ते मोजावे, ही दृष्टी मराठी मुलुखात इतक्या लवकर आली होती.

आज राज्याच्या लागवडीखालील क्षेत्रात उसाचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास आहे, सिंचनाच्या पाण्यातला वाटा मात्र निम्म्याहून अधिक. यात ऊस उत्पादकाला दोष देणे अन्यायाचे आहे. एफआरपीमुळे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान दरामुळे, त्याला भावाची हमी मिळते, माल उचलायला कारखाना असतो, आणि पट्टी बहुतेक ठिकाणी पाण्याच्या मापावर नसून क्षेत्रावर असते. एकरी पैसे भरल्यावर पाणी कमी घेतले काय, जास्त घेतले काय, खर्च तोच. विहिरीवर तर हा हिशेब आणखी बिघडतो. 2024 पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे. सौरपंपाने कोळसा वाचतो, पण उन्हाचे बिल येत नसल्याने शेवटच्या घागरीचा उपसाही फुकटच पडतो.

हवामान धोरण आणि पाणी धोरण यांची सर्वांत थेट गाठ इथेनॉलमध्ये पडते. पेट्रोलमध्ये ते मिसळले की आयात आणि धूर दोन्ही कमी होतात. पण नीती आयोगाच्याच 2021 च्या आराखड्यात उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलला सुमारे 2,860 लिटर पाणी लागते असे नमूद आहे. कार्बनची बचत ताळेबंदात धरायची आणि सोलापूर-मराठवाड्यातले पाणी वगळायचे, हा अर्धा हिशेब झाला.

2005 साली महाराष्ट्राने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. पाण्याचे दर स्वतंत्र प्राधिकरणाने ठरवावेत, असे करणारे हे देशातले पहिले राज्य. सिंचन व्यवस्थेचा चालू खर्च दरातून पूर्ण निघावा, हे कायद्याने सांगितले. संधी खर्चाला मात्र त्यात जागा नाही. शेती, उद्योग आणि शहरे यांच्यातले वाटप ठरवण्याचा अधिकारही 2011 च्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाकडे गेला. त्यामुळे सर्वांत अवघड निर्णय पुन्हा राजकीयच राहिला.

ज्या ठिकाणी गणित जुळले, तिथे आधी हक्क आणि माप ठरले, दर मागून आले. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर असा ठरला. भूमिहीनालाही वाटा मिळाला आणि ऊस वर्ज्य झाला. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणावर ओझरच्या शेतकऱ्यांनी 1991 च्या सुमारास पाणीवापर संस्था काढल्या. संस्थेला पाणी मोजून मिळू लागले आणि पट्टीही मापावर आली. वाचवलेले पाणी आपलेच राहते म्हटल्यावर शेपटापर्यंत पाणी पोहोचले आणि द्राक्षबागा वाढल्या.

हिवरे बाजार या गावात तर दर हा विषयच नाही. पावसाळा संपला की पाऊस आणि विहिरींची पातळी पाहून गावाचा ताळेबंद मांडला जातो. माणसे आणि जनावरांच्या पिण्याचे पाणी आधी बाजूला काढतात, उरलेल्यावर रब्बीची पिके ठरतात. ऊस आणि केळी तिथे बंद आहेत, शेतीसाठी बोअरही. कमी पावसाच्या वर्षी पेरा आपोआप आखडतो.

ठिबक सिंचनाचा अनुभवही आधी माप, मग दर याच नियमाला धरून आहे. पाण्याचा कोटा ठरलेला नसेल तर ठिबकने वाचलेल्या पाण्यावर शेजारच्या एकरात आणखी ऊस लागतो, आणि अनुदान खर्ची पडूनही भूजलाची पातळी होती तिथेच राहते किंवा खालीच जाते.